आमच्या दारातला निंब आणि मुकुंदा

मुकुंदा गेल्यानंतर दोन-तीन दिवसांतच चौकात त्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. गॉगल घातलेला फोटो, बाजूला पिंपळाचं पान, खाली ‘वृक्षमित्र मुकुंदराव यांना भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याखाली मंडळातल्या झाडून सगळ्या होतकरू कार्यकर्त्यांचे चेहरे. हे सगळं ठीक होतं. पण फ्लेक्स लावला होता रस्त्याकडेच्या करंजाला, चारी कोपऱ्यांत लांब खिळे ठोकून. मी काळा कोट घालून स्कूटरवर कोर्टात निघालो होतो. ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. शेजारच्या पंक्चरवाल्याकडून पक्कड घेतली, त्याच्याच स्टुलावर चढलो आणि एकेक खिळा उपसायला लागलो. पंक्चरवाला म्हणाला, “वकीलसाहेब, मेलेल्या माणसाचा फोटो काहून काढून राह्यले जी?” मी म्हटलं, “तो जिवंत असता तर त्यानं फोटो राहू दिला असता आणि लावणाऱ्यालाच काढलं असतं.” तो हसला नाही. मलाही हसू येत नव्हतं. करंजाच्या सालीतून चीक पाझरत होता, फ्लेक्सची घडी नीट होत नव्हती, आणि कोर्टात उशीर होत होता.

तो अकोल्यात गेला. रस्ता रुंद होणार म्हणून तिथली जुनी झाडं पाहायला त्याला बोलावलं होतं… कोणती ठेवता येतील, कोणती नाही, हे ठरवायला. झाडं पाहून झाल्यावर टपरीवर बसला, छातीत गॅस धरलाय म्हणाला, सोडा मागवला. सोडा येईपर्यंत मान टाकली. सुनंदाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, “कोणाचा रे?” मला सांगताच येईना. तिनं बाहेर येऊन माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती समजली. “आत्ता तर भांडून गेला होता,” एवढंच म्हणाली आणि जाऊन ओट्यावर बसली, दारातल्या कडुनिंबाकडे तोंड करून. त्या दोघांचं भांडण त्या निंबावरूनच होतं. ते भांडण अर्धवट टाकून तो निघून गेला, आणि मला जे काही सांगायचं आहे ते त्या अर्धवट राहिलेल्या भांडणाबद्दलच आहे.

मुकुंदा मूळचा नांदगाव खंडेश्वरकडचा. घरची काळी कसदार जमीन, कापूस, तूर, संत्र्याची थोडी झाडं. अकरावीला अमरावतीला शिकायला आला तेव्हा आमच्याकडे राहिला, कारण त्याचे वडील आणि माझे वडील एकमेकांचे जुने स्नेही. माझे वडील शाळामास्तर. घर बांधलं त्या वर्षी त्यांनी दारात हा निंब लावला होता. मुकुंदा त्याच्याखाली खाट टाकून अभ्यास करायचा, म्हणजे पुस्तक तोंडावर घेऊन झोपायचा. आईच्या हातच्या ज्वारीच्या भाकरी तो एवढ्या खायचा, की आई मला म्हणायची, “पाहा, जेवणारं पोरगं कसं असते ते.” पुढे तो अकोल्याला शेतकी शिकला. बरोबरचे सगळे सरकारी परीक्षांच्या मागे लागले, नाहीतर खतं-औषधांची दुकानं टाकून बसले. यानं दोर, पट्टे, करवती घेतल्या, माणसं जमवली आणि झाडांची देखभाल करण्याचा धंदा काढला. त्याचे वडील आमच्याकडे येऊन हताश होऊन म्हणाले होते, “झाडं आपली आपण वाढतेत मास्तर. त्याईले डाक्टर कायले पायजे?”

वर्तमानपत्रांत आता त्याच्यावर जे छापून येतंय त्यात तो फार साधा, निगर्वी वगैरे होता असं म्हटलंय. कोणत्या मुकुंदाबद्दल लिहितात कोण जाणे. आमचा मुकुंदा चांगलाच आढ्यताखोर होता. नारिंगी हेल्मेट, गॉगल, गळ्यात शिट्टी, आणि कोणी मोबाइल काढला की हा आधी मिशा सारख्या करणार. व्यासपीठ दिसलं की त्याला चढायचंच असायचं. लग्नातल्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाला वाळवी आणि बुरशी यांतला फरक सांगून त्याची जिलेबी गार करायचा. पण एक गोष्ट होती. आपण सगळे झाडाकडे वर मान करून पाहतो… फांद्या, पानं, पाखरं. हा आधी खाली बसायचा. उकिडवा बसून बुडाजवळची माती हातानं उकरायचा, लाकडी मोगरीनं खोड ठोकत कान लावायचा, मग दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा तेच. वर पाहायची वेळ अगदी शेवटी. “वरतं सगळे खोटं बोलतेत,” म्हणायचा, “झाड बी अन् पुढारी बी.”

त्याच्याबरोबर गाडीनं जाणं म्हणजे शिक्षाच. एकदा अकोल्याला एका लग्नाला निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याकडेला चुना-गेरूचे पट्टे मारलेली जुन्या निंबांची रांग लागली. मला ती छानच वाटली. यानं गाडी थांबवली. डांबर थेट खोडापर्यंत आणून भिडवलेलं, दुसऱ्या बाजूनं मातीचा ढीग, एका झाडाच्या बुडाशी तर ढाबेवाल्यानं कचरा जाळून जाळून काळी गुहा केलेली. मुकुंदा ढाबेवाल्याशी भांडला, मग त्याच्याकडेच फावडं मागून माती ओढायला लागला, मग मलाही ओढायला लावली. लग्नाच्या कपड्यांत. आम्ही पोचलो तेव्हा मंडपाची दोरखंडं सोडत होते. परत येताना तो एकदम म्हणाला, “झाड एका दिवसात मरत नाही शरद, थेच त्याचं वाईट हाये. मारणारा तवापर्यंत बदली होऊन जाते, नाहीतर मरून जाते. मग म्हणतेत, वाऱ्यानं पडलं.”

अकोल्यातल्या शिरीषाची गोष्ट मात्र त्यानं कोणत्याच व्यासपीठावरून सांगितली नाही. वर्दळीच्या रस्त्यावरचा मोठा शिरीष होता. एक थोराड फांदी वाळलेली, सालीवर वाळवीची माती, ठोकल्यावर आवाज बद्द. मुकुंदानं सांगितलं, हा धोक्याचा आहे, काढा. लोकांनी विरोध केला, हा अडून बसला, सभेत दोन-चार लोकांचा अपमानही केला. झाड कापलं. बुंध्याचा छेद निघाला अगदी अखंड. कुठं पोकळ नाही, कुठं डाग नाही. वाळवी वरच्या सालीपुरतीच होती. त्यानं तिथंच फावडं घेतलं आणि मुळं उकरून पाहिली. तीही खणखणीत. दुसऱ्या दिवशी त्या बुंध्याला कोणीतरी हार घातला होता. मुकुंदानं चूक नाकारली नाही, पण बोललाही नाही. त्यानंतर अकोल्याला गेला की दुसरा जवळचा रस्ता असूनही तो मुद्दाम त्याच रस्त्यानं जायचा. तिथं गाडी हळू करायचा. मी शेजारी असलो तर मी खिडकीबाहेर पाहायचो, उगाच काहीतरी निमित्त काढून.

त्या शिरीषानं त्याला स्वस्थ बसू दिलं नाही. आधी तो एकदा ठोकून निर्णय द्यायचा, आता तेच झाड पुन्हा पुन्हा पाहायला जायचा. सकाळी चहाच्या वेळी फोन करायचा. “कापा म्हणून सांगतलं अन् झाड चांगलं निघालं, तर खून. ठेवा म्हणून सांगतलं अन् पडलं कोणावर, तरी खून. तुमच्या कायद्यात याले काय म्हणतेत?” मी म्हणायचो, “याला धंदा म्हणतात. चहा पी.” मला तेव्हा त्याचा वैताग यायचा. माणसानं एकतर खात्रीनं बोलावं, नाहीतर गप्प बसावं, असा माझा स्वभाव. त्याला दोन्ही जमत नव्हतं. खात्री नसताना बोलावंच लागायचं, कारण रस्त्यावरून माणसं जात होती.

आता आमच्या निंबाकडे येतो. मागे आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता आणि त्याबरोबर नाली झाली. नाली आमच्या ओट्याला लागून, म्हणजे झाडाच्या घराकडच्या बाजूनं खणली. जेसीबीनं मांडीएवढाली मुळं तोडली. मुकुंदा त्या वेळी नेमका अकोल्यात होता. आला तेव्हा तुटलेली मुळं नालीत सिमेंटखाली गेली होती. त्यानं ठेकेदाराला जे ऐकवलं ते इथं छापता येणार नाही. त्यानंतर झाड चांगलं हिरवंगार होतं, मोहोरत होतं, लिंबोळ्यांचा सडा पडत होता, आणि आम्ही सगळं विसरलो. मग एका पावसाळ्याच्या शेवटी, बुडाशी, घराच्या बाजूला, खोडातून काहीतरी बाहेर आलं. तांबूस तपकिरी, वरून लाखेची चमक, कडेला पांढरी किनार, सुपाच्या आकाराचं. आईनं पाहिलं आणि हात जोडले. तिला तो गणपतीचा कान दिसला. मलाही, खरं सांगायचं तर, पाहता क्षणी तसाच वाटला. आईनं शेंदूर लावला, फूल वाहिलं. दोन दिवसांत गल्लीतल्या बायका ताम्हण घेऊन यायला लागल्या. शेजारचे गावंडे गुरुजी रिटायर झाल्यापासून रिकामेच होते, त्यांनी वरून पत्र्याचं छोटंसं छप्पर करून दिलं. खाली रस्त्याच्या बाजूला सावलीत भाजी घेऊन बसणारी कांताबाई रोज पहिली मेथीची काडी कानाला वाहायला लागली.

मुकुंदा आला, फाटकातच थांबला.

“काकू, हे कोणी केलं?”

“काय?”

“हा शेंदूर.”

“अरे गणपती निघाला नं बाबू आपल्या झाडातून! तू येशीन तवा दाखवीन म्हणत होती मी.”

तो पुढे होऊन वाकायला लागला तशी आई ओरडली, “पायातलं काढ!” त्यानं मुकाट्यानं ते जड बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी उकिडवा बसून पाहायला लागला. बराच वेळ पाहत होता. मग तिथूनच, मान वर न करता म्हणाला, “काकू, हा गणपती नाही. ही बुरशी हाये. मुळं आतून कुजली का मग ती असं फळ धरते. बुडातून आधार जाऊन राह्यला याचा.” आई म्हणाली, “वर पाह्य जरा. किती हिरवं हाये.” तो म्हणाला, “निंब शेवटच्या दिवसापर्यंत हिरवाच राह्यते.” ती म्हणाली, “मग राहू दे की.” तो म्हणाला, “रस्त्याकडे कललं हाये. पडन तर रस्त्यावर पडन. खाली कांताबाई बसते, शाळेचे ऑटो जातेत.” आणि मग आईनं ते वाक्य टाकलं. “अकोल्याचा शिरीष बी असाच पडणार होता नं रे?”

मी तिथंच होतो. आईचा तो स्वभाव नव्हे. पण नवऱ्याच्या हातचं झाड आणि त्यातून निघालेला देव, दोन्ही एकदम हातचे जाताहेत असं तिला वाटलं असणार. मुकुंदा उठला. बूट हातात घेऊन फाटकाबाहेर गेला आणि गाडीत बसून पायात घातले. मला वाटलं, आता महिनाभर येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोगरी घेऊन हजर!

त्यानंतरचा सगळा काळ असा गेला. तो येणार, झाड ठोकणार, ओट्यावर चहा पिणार, आईशी भांडणार, उद्या येणार. त्यानं झाड काढायच्या परवानगीसाठी अर्ज केला. नियमाप्रमाणे झाडावर नोटीस लावायची असते, ती त्यानं सुतळीनं बांधली. आईनं हरकत घ्यायची ठरवली आणि ती लिहून द्यायला मलाच सांगितलं! मी नाही म्हटलं. तशी ती गावंडे गुरुजींकडे गेली आणि गुरुजींनी दोन्ही बाजूंनी कागद भरून हरकत लिहिली, त्यात पर्यावरण, संस्कृती आणि अकोल्याचा शिरीष, तिन्ही आलं. झाड पाहायला अधिकारी आले. त्यांनी गाडीतून उतरून वर पाहिलं. “एवढं हिरवं झाड कसं काढायचं?” मुकुंदा म्हणाला, “साहेब, खाली पाहा जी.” खाली फुलं होती, शेंदूर होता, उदबत्ती जळत होती. साहेबांनी नमस्कार केला आणि निर्णय पुढे ढकलला. मी मुकुंदाच्या बाजूनं बोललो तर गल्लीतले लोक म्हणाले, वकीलसाहेब, आधी घरात तर ठरवा.

मग त्यानं हातात होतं ते केलं. वरचा भार कमी केला, रस्त्यावर झुकलेल्या फांद्या उतरवल्या. कांताबाईला हात धरून पलीकडच्या भिंतीपाशी बसवलं. तो गेला की ती पुन्हा सावलीत. ऑटोवाल्यांना मागच्या गल्लीनं जायला सांगितलं, ते दोन दिवस गेले. उन्हाळ्यात आमच्याकडे वावधन सुटतं… म्हणजे धुळीचं पिसाट वारं, दारं-खिडक्या आदळतात, पत्रे उडतात. वारा सुटला की मुकुंदाचा फोन यायचाच. अकोल्यात असो, वलगावला असो, भातकुलीला असो. “शरद, उभं हाये का?” मी म्हणायचो, “आहे.” “खाली कोणी नाही नं?” “नाही.” “काकूले दे.” मग आई फोन घेऊन त्याच्यावर डाफरायची, “काई होत नाही माह्या झाडाले, तू टोपी घालून फिर उन्हाचा.” फोन ठेवल्यावर मात्र ती स्वतः खिडकीत जाऊन उभी राहायची.

शेवटचा आला तेव्हा थकलेला दिसला. भांडणात रंग भरला नाही. आई म्हणाली, “काहून रे, आज चहात साखर कमी झाली का?” फाटकापाशी मी त्याला म्हटलं, सोड आता हा नाद, तू सांगायचं काम केलंस. तो म्हणाला, “चुकलो असन नं शरद, तर काकूले तोंड नाही दाखवू शकत मी. पुन्हा भाकर नाही मागू शकत या घरात. अन् बरोबर असन तर…” समोरून शाळेचा ऑटो गेला. पोरं बाहेर डोकी काढून ओरडत होती. तो ऑटो झाडाखालून पार पुढे निघून जाईपर्यंत मुकुंदा तोंड मिटून उभा होता.

तो गेल्यावर गल्लीनं विषय संपवून टाकला. तेराव्याला जेवायला बसलो असताना गावंडे गुरुजी मला सांत्वनाच्या सुरात म्हणाले, “आता झाडाचं राहू द्या. मुकुंदरावच काय ते काढा म्हणत होते.” मी पानावरून उठलो. म्हटलं, “गुरुजी, माणूस गेला. बुरशी गेली का?” सगळे माझ्याकडे पाहायला लागले. जेवणावळीत आवाज चढवू नये हे मलाही कळतं. पण त्या दिवसांत मला कशावरच राग आवरत नव्हता. कोणी म्हणायचं, दुसऱ्यांची झाडं तपासत फिरला, स्वतःचं काळीज नाही तपासलं. हे बोलताना लोकांना फार सुंदर बोलल्यासारखं वाटायचं. मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटायचं. मलाही आता झाड दिसलं की नजर आधी बुडाकडे जाते. कोर्टाच्या आवारात, पेट्रोल पंपावर, कुठंही. मला त्यातलं काही कळत नाही, नुसता घोर लागतो. आईनं मात्र त्या कानाला फूल वाहणं बंद केलं होतं, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

मग एका संध्याकाळी वावधन आलं. आकाश पिवळं झालं, वीज गेली, दारं आदळायला लागली. मी खिडक्या लावल्या. निंब करकरत होता. आई पाटावर बसली होती, मी खुर्चीत. फोन टेबलावर होता. आम्ही दोघंही फोनकडे पाहत होतो आणि एकमेकांना ते दिसू देत नव्हतो. वारं घोंघावलं, वाढलं, मग हळूहळू उतरलं. आई म्हणाली, “फोन नाही आला.” मी म्हटलं, “कोण करणार, आई?” ती खूप रडली त्या दिवशी, पहिल्यांदाच. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “माही हरकत मागं घे. उद्याच लिहून दे.” मी पाहत राहिलो. “मले कळत होतं रे. रोज झाडतो मी ते बूड. कान उमलला तवाच बोट लावून पाह्यलं होतं बाजूले, मऊ लागलं. पण मी हो म्हटलं असतं तर थो रोज कायले आला असता?” मी संतापलो. “आणि खालून पोरं जातात त्याचं काय?” ती म्हणाली, “म्हणून तर सांगून राह्यली. आता भांडायले बी कोणी नाही अन् झाड बी तसंच उभं.” तिला खरंच आधीपासून कळत होतं, की तो गेल्यावर तिनं स्वतःला शिक्षा म्हणून हे ठरवलं, मला आजही सांगता येत नाही. मी तिला पुन्हा विचारलेलं नाही.

हरकत मागे गेल्यावर परवानगी निघाली. काम करायला सुनंदा आली. मुकुंदाची माणसं आता तीच सांभाळते. तिला कोणी सांभाळ म्हटलं नाही आणि ती कोणाला विचारायलाही थांबली नाही. आदल्या संध्याकाळी ती हळद-कुंकू, अक्षता घेऊन एकटीच आली. तोडायच्या आदल्या दिवशी झाडाला सांगायचं, ही त्यांच्या गावची रीत, आणि मुकुंदा एवढा शास्त्र सांगणारा, पण ही रीत त्यानं कधी चुकवली नव्हती. सुनंदानं अक्षता आईच्या हातात दिल्या. “काकू, तुमचं हाये, तुमीच सांगा.” आईनं खोडाला हात लावला. वर पाखरांची किलबिल चालली होती. “बाप्पा, उद्या येतेत तुले न्यायले,” ती म्हणाली, “पाखरंहो, बिऱ्हाड हालवा आता.” मग छप्पर काढून तिनं शेंदराचा कान पदरात घेतला. हातानं ओढल्याबरोबर तो निघून आला.

सकाळी गल्ली दोन्हीकडून बंद केली. दोर बांधून एकेक फांदी खाली उतरायला लागली. पहिली मोठी फांदी कापली, छेद स्वच्छ. दुसरी, स्वच्छ. गर्दी जमायला लागली. मग खोडाचे वरचे तुकडे निघाले. लालसर, घट्ट, ओलं सुगंधी लाकूड, डाग म्हणून नाही. लोक तुकड्यांवर हात फिरवून पाहत होते. गावंडे गुरुजी मोठ्यानंच म्हणाले, “अकोल्याचं झालं हे पुन्हा.” कांताबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, “सोन्यासारखं झाड!” मला उभं राहवेना. मी घरात जायचो, बाहेर यायचो. आई आतल्या खोलीत दार लावून बसली होती. पावलं वाजली की आतूनच विचारायची, “काय निघालं?” मी म्हणायचो, “अजून चांगलंच आहे.” मी पुन्हा बाहेर. सुनंदा हेल्मेट घालून उभी होती. तिचा चेहरा पाहायची माझी हिंमत होईना. मुकुंदा तर म्हणाला होता, कूज पुरुषभर उंच चढली असेल. करवत छातीपर्यंत आली, कमरेपर्यंत आली, आणि लाकूड तसंच, लख्ख. मी मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो. बाबा रे, पुन्हा? आमच्याच दारात?

गुडघ्याच्या खाली करवत लागली तेव्हा भुसा बदलला. कोरडा लालसर भुसा उडत होता, तो एकदम काळपट, ओला, गोळ्यागोळ्यांनी पडायला लागला. करवतीचा आवाज उतरला. माणसांनी शेवटचा ओंडका ढकलला आणि मागे सरले. बुडात लाकूड नव्हतंच. भिजून गेलेल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी होतं, हातानं उपसता येईल असं. घराकडच्या बाजूला एकही मूळ उरलं नव्हतं. ते एवढं मोठं झाड रस्त्याच्या बाजूच्या दोन मुळांवर उभं होतं, आणि त्यातलंही एक काळं पडलं होतं. सुनंदा खाली बसली आणि तिनं त्या पोकळीत हात घातला. कोपरापर्यंत गेला. तिनं हात बाहेर काढला, मूठ उघडून गावंडे गुरुजींसमोर धरली. गुरुजींनी त्या काळ्या चिखलाकडे पाहिलं आणि मग मान खाली घातली. कांताबाई आपली टोपली उचलून, कोणी न सांगता, पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन बसली.

उंचीत तो चुकला होता. पुरुषभर म्हणाला आणि निघाली गुडघाभर. या एका गोष्टीवरून मी त्याला पुढची दोन वर्षं छळलं असतं.

मी आत गेलो. आईनं दार उघडलं होतं. उंबऱ्यात उभी होती, पण पाठ बाहेर करून. मी म्हटलं, “आई, मुकुंदा खरा निघाला. बूड पुरं गेलेलं होतं.” ती तशीच उभी राहिली. “पुरं?” “पुरं. हात आत गेला सुनंदाचा.” मला वाटलं ती देवापुढे जाईल, हात जोडेल, निदान पोरं वाचली म्हणेल. ती वळली तेव्हा तिचा चेहरा रागानं लाल झाला होता. मी काहीतरी गुन्हा केल्यासारखी ती माझ्यावर ओरडली.

“मले काय सांगतं? मले माहीत हाये! थो चुकलो-चुकलो करत गेला नं… त्याले सांग. जा, त्याले सांगून ये!”